रविवारचा राडा

हळदीने माखलेला हात साबणाने धुतला की स्वच्छ होत नाही, लालभडक होतो. आमच्या रविवारच्या गटात हा शोध लागला तेव्हा सातवीतली एक पोर "ताई, रक्त!" म्हणून अशी ओरडली की समाजमंदिरापुढे पत्ते कुटत बसलेली माणसं डाव टाकून धावत आली. त्यांनी पाहिलं ते असं : पोरींचे हात कुठे पिवळे, कुठे लाल, ओट्यावर हळदीचे ओघळ, दोघींच्या केसांत चुना. "हे शिकवायल्यात व्हय?" असं एकाने विचारलं आणि सगळे परत डावाला बसले. पोरी मात्र थांबल्या नाहीत. खायचा सोडा टाकला, लाल. चुन्याची निवळी टाकली, अजून गडद. लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं. तामलवाडी सोलापूर-तुळजापूर हमरस्त्यावरचं गाव. तुळजापूर इथून तासाच्या आत, घरोघरी भवानीची परडी आणि परडीत हळद-कुंकू. पण कपाळावरचं कुंकू म्हणजे मुळात हळदच, चुन्याने नाहीतर टाकणखाराने लाल केलेली, हे या पोरींना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्या विसरल्या असत्या. आता विसरणार नाहीत, कारण पुढचे दोन दिवस शाळेत बाकावर त्यांचेच हात त्यांच्यासमोर होते.

आमच्या गटाला नाव नाही, नोंदवही नाही. अंगणवाडीत किशोरींचा गट असतो, तिथे लोहाच्या गोळ्या मिळतात, वजनं घेतली जातात. शाळेत मुलींचे मंच असतात, तिथे भाषणं होतात, फलक रंगतात. ती कामं मोलाची आहेत आणि ती करणाऱ्या बायका माझ्यापेक्षा जास्त राबतात. आमच्याकडे मात्र रविवारी सकाळी धुणं-भांडी उरकून दहा ते सोळा वयाच्या ज्या येतील त्या येतात, आणि माती, शेण, लगदा, खळ, काव, चुना यांतलं त्या दिवशी जे असेल त्यात हात घालतात. काही बनतं, काही बनत नाही.

आयांची पहिली तक्रार कामाची नसते, कपड्यांची असते. "ताई, दुसरं काही शिकवा की, मेंदी शिकवा, ब्लाऊज शिकवा. हे चिखल काय खेळायल्यात?" तिच्या मागे तिचाच मुलगा क्रिकेट खेळून गुडघ्यापर्यंत मातीने भरून आलेला असतो आणि त्याच्याकडे तिची नजरही जात नाही. तो मळणारच, मळण्यासाठीच देवाने त्याला पाठवलं आहे. मुलगी दहाची झाली की मात्र घरातला पसारा आवरणारी माणूस होते. भावाचं दप्तर, वडलांचं ताट, आजीचा पानाचा डबा, सगळं तिने उचलायचं. उचलणाऱ्याने पसारा घालायचा नसतो. मला या गटात जे करावंसं वाटतं ते एवढंच : आठवड्यातून एकदा या पोरींनी पसारा घालावा. मूर्ती, टोपल्या, बाहुल्या हे सगळं निमित्त आहे.

तरी निमित्तही नीट लागतं. नुसतं "खेळा" म्हटलं तर या मुली खेळत नाहीत, ओळीत बसून पुढच्या सूचनेची वाट पाहतात. नवी मुलगी आली की दोन बोटांच्या टोकांनी मातीला शिवते आणि लगेच ओढणीकडे बघते. पूर्ण पंजा जायला वेळ लागतो. कोपरापर्यंत जाते ती आपली झाली.

सुरुवातीला मला वाटायचं की खेड्यातल्या मुलींना माती काय नवीन! पण यांच्या घरांत आता फरशी आहे, कुणाकडे शहाबादी, कुणाकडे चकचकीत. सारवणाचा बोळा यांनी हातात धरलेला नाही. भिंतीला पोतेरं घालणं, चूल लिंपणं, गोवऱ्या थापणं ही कामं आजीबरोबर माळवदाच्या घरातच राहिली. त्यातली किती तरी माळवदं 1993 च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाल्यावर माणसांनी भीतीने उतरवली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचा भार, या घरांनीच तेव्हा लातूर-धाराशिवच्या गावांत झोपलेली माणसं गाडली. तेव्हापासून माती म्हणजे मागासलेपण आणि वर धोका, सिमेंट म्हणजे जीव वाचणं, असं एक समीकरण इथल्या मनात बसलेलं आहे. त्याला हसता येत नाही. फक्त एवढं झालं की आजीच्या हातांना जे येत होतं ते नातीपर्यंत पोचायचा रस्ता मधेच बंद पडला.

म्हणून दिवाळीच्या आधी आम्ही आज्यांनाच बोलावतो. आमच्याकडे दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे ठाऊक नसण्याची शक्यता आहे. शेणाच्या छोट्या छोट्या बाहुल्या, डोक्यावर दुधाचे घडे, कुणी ताक घुसळणारी, कुणी दळणारी. शेणाचंच जातं, शेणाचा पाटा-वरवंटा, एक पेंद्या, मधे कृष्ण. वर झेंडू आणि कुर्डूचे तुरे. पाडव्याला त्यांचे पांडव होतात. शेण कसं असावं याचं शास्त्र आज्यांच्या बोटांत आहे. अगदी ताजं असेल तर बाहुली बसते, उभी राहत नाही. दुपारचं ऊन खाल्लेलं असेल तर भेगाळतं. म्हशीचं सैल, गाईचं घट्ट, आणि ओला चारा खाल्लेल्या जनावराचं शेण कशाच्याच कामाचं नाही. एका आजीने तर हातात घेऊन सांगितलं, "ही गाय कडब्यावर हाय." पोरी नाक दाबून हसत होत्या. थोड्या वेळाने नाकावरचे हात खाली आले, कारण बाहुलीला दोन्ही हात लागतात.

त्या दिवशी एक नववीतली मुलगी ओट्याच्या खाली, लांब, चप्पल घालून उभी होती. आजीने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. तिने स्वतःच सांगितलं, "मला चालत नाही आज." गवळणी देवाच्या. नागपंचमीला वारुळाच्या मातीचा नाग, पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदात शाडूचा गणपती, हे सगळं देवाचं. आपल्या परंपरेने मुलींना मातीत हात घालायची मुभा दिली आहे, नाही असं नाही. उलट जगात फार कमी ठिकाणी इतकी दिली असेल. पण ती दिली सणापुरती, सोवळ्यासकट. आणि महिन्यातले चार दिवस वगळून. मी आज्यांशी वाद घातला नाही. त्या आपला एक दिवस देऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी ओट्यावर चढून शिकवायला येतात. मी एवढंच केलं की देवाचं काम वर्षातून थोडं आणि बाकीच्या रविवारी देवाचं काहीच नाही असं ठरवलं. आम्ही बेडूक करतो. एसटी करतो. टोलनाका करतो, त्यात अडकलेले ट्रक करतो. मुख्याध्यापकांचं डोकं एकदा झालं होतं, ते ओळखू आल्यावर लगेच मोडण्यात आलं. बेडकाला विटाळ नसतो. त्यामुळे ओट्याखाली कुणी उभं राहत नाही.

काळ्या मातीचे बेडूक मात्र तडकतात. आमची जमीन काळी, पाणी पिऊन फुगणारी आणि वाळताना आकसणारी. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच बेडकाच्या पोटावर होतं. तळ्याचा गाळ चाळून घेतला, त्यात राख घातली, थोडी बारीक वाळू, थोडा कापूस पिंजून घातला, आणि सावलीत, ओल्या बारदानाखाली हळूहळू वाळवलं की बेडूक टिकतो. कुंभार मातीत घोड्याची लीद का घालतात ते पोरींना तेव्हा समजलं : बारीक तंतू माती धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेले की जागा मोकळी करून देतात. लिदीसाठी घोडा कुठून आणायचा यावर बराच खल झाला. वरातीचा घोडा सुचवण्यात आला. ते काम अजून व्हायचं आहे.

मातीचं म्हणाल तर आमचा जिल्हा हा मातीच्याच नावाने ओळखला जायला हवा होता. तेर आमच्या जिल्ह्यात आहे. जुन्या जगाला ते तगर म्हणून माहीत होतं, रोमन साम्राज्याशी त्याचा व्यापार होता, आणि तिथे जमिनीतून निघालेल्या सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा मुली काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या होत्या. केसांच्या गाठी, कानांतली वजनदार कुंडलं, कमरेच्या साखळ्या बघून एकीने निकाल दिला, "ही लग्नाला चाललीय." दुसरीला मात्र बाहुलीच्या पाठीत रस होता, तिथे कुणाच्या बोटाचा ठसा राहिलाय का ते बघायला. संग्रहालयवाले पाठ दाखवत नाहीत.

आणि तेर म्हणजे गोरोबाकाका. ती गोष्ट सांगावीच लागली. विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवणारा कुंभार, रांगत आलेलं मूल, आणि त्याला न कळता मुलाचं पायाखाली तुडवलं जाणं. शेकडो वर्षं कीर्तनकार ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगत आले, मीही तशीच सांगितली. ऐकून झाल्यावर मागून प्रश्न आला, "आणि आई कुठं होती?" कथेत ते आहे. संती पाणी आणायला गेली होती, जाताना पोराकडे बघा म्हणून सांगून गेली होती. "मग पाणी जवळ असतं तर झालंच नसतं की," पोर म्हणाली. इतक्या कीर्तनांत मी हा मुद्दा ऐकला नव्हता. तो ऐकायला रोज हापशावर घागर घेऊन उभं राहणारे कान लागतात.

पाण्याकडे मी येणारच आहे. त्याआधी केरसुणीचं सांगते, कारण ते अजून माझ्या मनात सलतं आहे.

एका रविवारी मी शिंदीची पानं आणि घायपाताचा वाख मागवला होता. वाख ओला करायचा, मांडीवर वळायचा, हात चिकट होतात, भरपूर राडा. दोर वळायचा, केरसुणी बांधायची, जमलं तर शिंकं. दुसऱ्या दिवशी गटातल्या एका हुशार मुलीची आई दारात आली. आत आली नाही, बसली नाही. "ताई, आमच्या पोरीला केरसुणी शिकवू नका. माझ्या सासूचं आयुष्य त्यात गेलं. तेवढ्यासाठीच शाळेत घातलंय तिला." आवाज चढलेला नव्हता. गावाने दोर कुणी वळायचा, टोपली कुणी विणायची, मडकं कुणी घडवायचं हे जन्मावरून ठरवलं होतं. वर त्या कामाचा मोबदला म्हणून दारात उभं राहून धान्य मागायला लावलं होतं. ज्यांच्या घरावर हे काम लादलं गेलं नाही त्यांच्या मुलींना वाख म्हणजे गंमत. ज्यांच्यावर लादलं गेलं त्यांना तो मागे खेचणारा दोर. एकाच टबात हात घालणाऱ्या दोघींसाठी टबात एकच वस्तू नसते. हस्तकलेचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत हे लिहिलेलं नसतं. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी आणलं, तेव्हाही हा प्रश्न होता आणि आजही आहे. मुलगी गटात येते, तिच्या आईचा शब्द मी पाळते. वाख परत आणला नाही. माझ्या मते ती आई बरोबर होती, आणि तरीही तिची मुलगी सगळ्यांत सुबक गाठ मारते हेही खरं आहे. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

उलट टोकाची माणसंही भेटतात. बचत गटाच्या मीटिंगला आलेल्या एक बाई आमचे बेडूक बघून म्हणाल्या, "याला मार्केट आहे! तुळजापूरला स्टॉल लावा, पॅकिंग करा." त्यांचं चुकीचं होतं असं नाही, पैशाची गरज इथे कुणाला नाही? पण मुलीच्या हातांकडे पाहिलं की सगळ्यांना कसला ना कसला हिशेब सुचतो. देवाचा, घराचा, नाहीतर विक्रीचा. मी बाईंना चहा दिला. स्टॉल लावला नाही.

सामानाबद्दलही असंच. कधी कुणी शहरातून चमकी, गोंदाच्या नळ्या, कापलेले फोमचे तुकडे असं तयार किट आणून देतं. त्यात एकच गोष्ट बनते, डब्यावरच्या चित्रातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी काढली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम नेलं, तेव्हा पानं, बिया, दगड, शंख-शिंपले, माती हेच त्यांचं साहित्य होतं. परवडत नव्हतं म्हणून तसं केलं असं म्हणतात. मला वाटतं, परवडलं असतं तरी त्यांनी तेच केलं असतं. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, तिथून रंगीत कतरणीची पोती येतात, त्यांच्या गोधड्याही आम्ही करतो. पण गोधडीत राडा नाही, सुईदोरा आहे आणि सरळ रेषा आहेत. म्हणून ती थंडीपर्यंत मागे पडते.

आता पाणी. राड्याला पाणी लागतं. कालवायला थोडं लागतं, धुवायला खूप. आणि हे पाणी कोण आणतं? याच पोरी. शेजारच्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते साऱ्या देशाने पाहिलं. आमच्या बाजूला रेल्वे नाही, टँकर आहे आणि हापसा आहे. चैत्र सुरू झाला की रविवारचं गणित बदलतं. जी घागर ती स्वतः डोक्यावरून आणते, तिच्यातलं किती तिने आपल्या हातावरच्या चिखलासाठी सांडायचं? मुलगी चिखलात हात घालायला का कचरते याचं खरं उत्तर मला इथे मिळालं. लाज, कपडे, आईचा ओरडा हे सगळं नंतरचं. आधी तिच्या डोक्यात घागर येते. भावाचे मळके कपडे जेव्हा ती धुते तेव्हाही तीच घागर असते, तो मळताना मात्र त्याच्या डोक्यात येत नाही.

त्यावर मुलींनीच उपाय काढले. उन्हाळ्यात माती पूर्ण वाळू द्यायची आणि हात एकमेकांवर चोळून झाडायचे, सत्तर टक्के काम कोरडंच होतं. मग राख. मग एक घमेलं पाणी, सगळ्यांना मिळून, सगळ्यांत कमी मळलेली आधी आणि कोपरापर्यंत गेलेली शेवटी. ते पाणी फेकायचं नाही, पुढच्या रविवारच्या मातीत जातं. जे मावत नाही ते ओट्यामागच्या कडुनिंबाला. हळद, काव, पळसफुलांचा रंग हे पावसाळ्यात किंवा थंडीत, भर उन्हाळ्यात नाही. अजून एक नियम त्यांनी केला, मला न विचारता : ज्या मुलीचे भाऊ बघायला येतात, त्या भावांनी येताना एक कळशी आणायची. पहिल्या आठवड्यात दोघे पळून गेले. आता एक जण येतो. आठवीतला आहे, ओट्यावर चढायची परवानगी त्याला अजून मिळालेली नाही, कळशी ठेवून पायरीवर बसतो.

पाणी कमी असताना सगळ्यांत भारी पडतो तो कागदाचा लगदा, आणि पोरींना तोच सगळ्यांत आवडतो. आधी रद्दी फाडायची, त्यातच निम्मी मजा. मग चार दिवस भिजत ठेवायची, रोज ढवळायची. वास येतो, तो सहन करायचा. मग उखळात कुटायची किंवा पायाने तुडवायची, गोरोबाकाकांसारखी. त्यात मेथ्यांचं पीठ घालायचं, म्हणजे किडा लागत नाही, आणि चिंचोक्याची खळ, म्हणजे धरून राहतं. पालथ्या पातेल्यावर थापून वाळवलं की बुट्टी तयार. अशा बुट्ट्यांत पूर्वी बायका शेवया आणि पापड ठेवत. पोरी त्यांत काय ठेवतात ते मी बघत नाही.

कुठला कागद विरघळतो आणि कुठला नाही हे त्यांना कोजागिरीने शिकवलं. आश्विन पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकाकडची माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात, रस्ता वाहनांना बंद होतो, आमच्या दारावरून उजाडेपर्यंत "आई राजा उदो उदो" चालू असतं. सकाळी रस्त्याकडेला चहाच्या कपांचा आणि द्रोणांचा खच पडलेला. पोरींनी पोतंभर कप गोळा करून भिजत घातले. आठवडा झाला, कप जसेच्या तसे. आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा. त्यांच्या संतापाला कारण होतं, दोन घागरी पाणी वाया गेलं होतं.

तेव्हा वाचकहो, सोलापूर-तुळजापूर रस्त्याने तुमचं जाणं होत असेल आणि घरी रद्दी साठली असेल तर तामलवाडीला थांबा. वर्तमानपत्र चालेल, जुन्या वह्या चालतील, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे तर फारच उत्तम. गुळगुळीत लग्नपत्रिका, चहाचे कप आणि चमकी नको. आणि गाडीत जागा असेल तर पाण्याचा एक कॅन भरून आणा.